बला नव्हे, अमोनिया

फिश टँकमधला मासा मेला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "जाऊ दे, घरावरचं संकट त्यानं स्वतःवर घेतलं." म्हणणारा अडाणी असतो असं मुळीच नाही. इंजिनिअर म्हणतात, बँकेतले अधिकारी म्हणतात. मासे विकणारे तर सगळ्यांच्या आधी म्हणतात, आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबरच आहे. संकट टळलेलं गिऱ्हाईक तक्रार घेऊन येत नाही, दुसरा मासा घ्यायला येतं.

रडणाऱ्या पोराची समजूत काढण्यापुरतं हे बोलणं असतं तर माझी काही हरकत नव्हती. पण मोठी माणसं त्यावर खरोखर विश्वास ठेवतात आणि तिथेच कारण शोधणं थांबतं. पुढचा मासा त्याच पाण्यात, त्याच कारणानं मरतो. महिन्याभरात चार-चार संकटं टळलेली घरं आहेत. इतकी संकटं येणाऱ्या घरानं काळजी करायला हवी, ती टाकीतल्या पाण्याची.

ही कल्पना बरीचशी फेंगशुईतून आली. आठ सोनेरी मासे आणि एक काळा ठेवायचा, काळा वाईट ऊर्जा शोषून घेतो, अशी तिची मांडणी. आपल्याकडे तिच्यावर वास्तुशास्त्राचा शिक्का बसला. पटायला ती सोपी आहे, कारण पंधरा दिवसांत काहीच झालं नाही असं घर सापडत नाही. कुणाला ताप येतो, कुणाची गाडी घसरते, कुणाची बदली टळते. मासा मेल्यावर यातलं काहीतरी आठवतंच.

मासा का मेला ते आता पाहू. उदाहरणाला 'रॅम' घेऊ. दुकानात जर्मन ब्लू, इलेक्ट्रिक ब्लू अशा नावांनी मिळणारा हा जेमतेम दोन इंचांचा, निळ्या ठिपक्यांचा मासा. 'सिक्लिड' या कुळातल्या ठेंगण्या माशांपैकी बहुधा सर्वांत लोकप्रिय, आणि 'संकट घेण्यात' सर्वांत पुढे. त्याचं मूळ घर व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातली गवताळ मैदानं. तिथलं पाणी उबदार, क्षार अगदी कमी असलेलं, किंचित आम्ल. 1948 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि मॅन्युएल रामिरेझ या मासे गोळा करणाऱ्याच्या नावावरून 'रामिरेझी' हे नाव पडलं. आज बाजारात येणारे बहुतेक रॅम शेततळ्यांत आणि टाक्यांत वाढवलेले असतात, पण वाईट पाणी सोसण्याची ताकद त्यांच्यात आलेली नाही.

मासा अमोनिया बाहेर टाकतो, आणि तो मुख्यतः कल्ल्यांतून. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, विरतो. काचेच्या टाकीत त्याला जायला जागा नसते. तिथे त्याची विल्हेवाट जिवाणू लावतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ थोड्या प्रमाणातही घातक. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर वस्ती करून राहतात. नायट्राइट संपवण्याचं काम नायट्रोबॅक्टर करतो असं पुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. 1998 मध्ये होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा हे काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करताना आढळले. नाव कुठलंही असो, त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आणि आपण काय करतो? शनिवारी टाकी आणतो, रविवारी मासे सोडतो, पोरं दिवसातून पाच वेळा खाणं टाकतात. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत असतं, कारण अमोनियाला रंग नसतो. आठ-दहा दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, पंख मिटून घेतात, कल्ले लालभडक होतात. रॅम आधी जातो, गप्पी मागे राहतात. म्हणून रॅमला त्यागाचं श्रेय मिळतं.

"पण आमची टाकी दोन वर्षं जुनी आहे," असं यावर कुणीतरी म्हणतंच. मग मी विचारतो, मासा मेला त्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतं? उत्तर ठरलेलं असतं: टाकी लख्ख धुतली होती! सगळं पाणी काढलं, वाळू घासली, स्पंज नळाखाली पिळला. म्हणजे दोन वर्षांत जमलेली जिवाणूंची वस्ती एका सकाळी गटारात गेली. उरलेले क्लोरीननं मारले. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, क्लोरीन घातलेल्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं सांगतं. जंतू मारण्यासाठीच ते घातलेलं असतं. आपले जिवाणू कोणते आणि परके कोणते, ते त्याला कळत नाही.

यातला एक पेच कमी जणांना माहीत असतो. पाणी बरेच महिने न बदललेल्या टाकीत आम्लता वाढत जाते. आम्ल पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियम या फारशा विषारी नसलेल्या रूपात असतो. 28 अंश तापमानाला पीएच 7 असताना एक टक्क्याहून कमी अमोनिया विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की हेच प्रमाण सहा-सात टक्क्यांवर जातं. अशा टाकीत बोअरचं किंवा नळाचं पीएच 8 चं पाणी अर्ध्याहून जास्त ओतलं, तर मागे उरलेला निरुपद्रवी अमोनियम बघता बघता विष होतो. "चांगलं ताजं पाणी घातलं तरी मेला" या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून कुणाला आवडत नाही. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. नळाचं पाणी घालण्याआधी दुकानात मिळणारं अँटीक्लोर किंवा हायपोचे खडे वापरायचे. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. नवी टाकी असेल तर कुणाच्या तरी चालत्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणायचा. जिवाणूंचं विरजण मिळतं. आणि अमोनिया तपासायचं किट घ्यायचं. वास्तुतज्ज्ञाच्या फीपेक्षा ते नक्कीच स्वस्त पडतं.

बाकीचे समज भराभर उरकतो. बुडबुड्यांतून ऑक्सिजन मिळतो? त्यांतून थोडाच, मोठं काम पृष्ठभाग ढवळल्यानं होतं. बदामाची वाळकी पानं टाकल्यावर तपकिरी झालेलं पाणी घाण? ॲमेझॉनच्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या अपिस्टोग्रामा या ठेंगण्या सिक्लिडांना तेच घर वाटतं. टाकीच्या मापाएवढाच मासा वाढतो? खुरटतो, आजारी पडतो आणि लवकर मरतो. मत्स्यावताराच्या कथेत मनू वाढत्या माशाला घड्यातून तळ्यात, तळ्यातून नदीत आणि शेवटी समुद्रात नेतो. त्याला जे समजलं ते आपल्याला समजायला हरकत नाही. सिक्लिड म्हणजे परदेशी मासा? गोव्यात ताटात येणारं कालुंदर सिक्लिडच आहे. सकर मासा घाण खातो? शेवाळ खातो, घाण करतो, आणि फूटभर वाढतो. पाणी जास्त गरम ठेवलं की अपिस्टोग्रामाची पिल्लं बहुतेक नर निघतात, ही दंतकथा वाटते, पण ती खरी आहे. रोमर आणि बायझेनहेर्झ यांनी 1996 मध्ये 37 जाती तपासल्या, त्यांतल्या 33 जातींत तापमानाचा असा परिणाम दिसला.

शेवटचा समज मात्र घराबाहेर नुकसान करतो: मासा नकोसा झाला की नदीत किंवा देवळाच्या तळ्यात सोडावा, पुण्य लागतं. 1952 मध्ये भारतात आणलेला तिलापिया, म्हणजे उजनीकाठची चिलापी, हाही सिक्लिडच. तो देशभरातल्या जलाशयांत पसरला आणि स्थानिक माशांच्या जागेवर, अन्नावर त्यानं हक्क सांगितला. सकर मासाही असाच पसरत कोलकात्याच्या पाणथळींपर्यंत पोचला आहे. मासा सांभाळणं जमत नसेल तर दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या हौशी माणसाला द्या. नदीत सोडू नका.