उचलीपायी पोर देऊ नका

माणूस म्हणजे बाजारातलं जनावर नव्हे. त्याची खरेदी-विक्री करता येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोहोंना बंदी घातली आहे. तरी हा धंदा अजून चालतो. कसा, ते पाहू.

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुका आहे. तिथे कातकऱ्यांच्या वस्त्या आहेत. बहुतेकांना जमीन नाही. बारमाही काम नाही. २०२२ साली इथली लहान मुलं काही मेंढपाळांकडे राबताना आढळली. आईबापाच्या हातावर थोडे पैसे आणि एखादी मेंढी ठेवायची, की पोर चाललं मेंढरांमागे नगर जिल्ह्यात! त्यातली एक लहान मुलगी दगावली, तेव्हा बोभाटा झाला. घोटी पोलिसांनी गुन्हा नोंदवला. मग इतर मुलांचीही सुटका झाली.

तुम्ही म्हणाल, "उचल घेतली, मग ती फेडायला नको का?"

नको! १९७६ साली वेठबिगार बंदीचा कायदा झाला. उचलीपायी माणसाला बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होते. असलं कर्ज कायद्यानेच रद्द होतं. 'ही वेठबिगार नव्हे' हे मालकाने सिद्ध करायचं, मजुराने नव्हे.

बरं, सुटका झाली. पण पोटाचं काय? पोट रिकामं राहिलं, तर माणूस पुन्हा त्याच दारात जातो. म्हणून केंद्र सरकारने मदत ठरवली आहे. सुटल्याबरोबर ३० हजार रुपयांपर्यंत मिळतात. खटला चालू आहे म्हणून हे पैसे अडत नाहीत. पुढे पुरुषाला १ लाख, बाई किंवा मूल असेल तर २ लाख, आणि फार छळ झाला असेल तर ३ लाख रुपये. तातडीच्या मदतीसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १० लाखांचा निधी ठेवावा, असा नियम आहे.

मात्र मोठी रक्कम मिळायला गुन्हा शाबीत व्हावा लागतो. म्हणून जबानी न भिता, खरी द्यावी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सुटका झाली की अधिकाऱ्यांकडून मुक्ततेचा दाखला मागून घ्या. दाखला नसेल, तर मदत अडते. तो वाचा, नाव-गाव बरोबर आहे का ते पाहा, मगच घरी जा. तुम्हाला आता वाचता येतं!

गावातलं पोर कुठे राबताना दिसलं, तर १०९८ या नंबरावर फोन करा. पैसे पडत नाहीत. तहसीलदार किंवा पोलीस ठाण्यातही कळवा.

उचल आज सरते. पोराचं गेलेलं बालपण परत येत नाही.