हजर दिवस

महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन आटोपलं की वर्गावर्गातून निकाल वाटले जातात. प्रगतिपुस्तक हाती आलं की घरचे आधी टक्के बघतात, मग गणित आणि इंग्रजीचे गुण. त्याच पुस्तकात महिनेवार भरलेल्या दोन ओळी असतात : कामाचे दिवस आणि हजर दिवस. जूनपासून एप्रिलपर्यंतचे ते आकडे वर्गशिक्षकांनी हजेरीच्या कॅटलॉगवरून एकेक करून उतरवलेले असतात, पण त्यांच्यावरून सहसा कुणाची नजर फिरत नाही. २०२० ते २०२५ या काळात मुक्ताईनगर तालुक्यातल्या हायस्कुलांवरून काय गेलं, हे समजून घ्यायचं तर टक्क्यांपेक्षा या दोन ओळीच जास्त खरं सांगतात, असं मला वाटतं.

टक्के किती फसवे असतात, हे २०२१ ने दाखवूनच दिलं. आदल्या वर्षी, २३ मार्च २०२० ला ठरलेला दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढं ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. मुलांना त्या विषयाचे सरासरी गुण मिळाले. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के, आणि हा विक्रमी निकाल लागला तो मुलांनी वर्षाचा बराचसा काळ शाळेबाहेर काढला त्याच वर्षी. ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ ही घोषणा ज्या घरात एकच मोबाइल होता आणि तोही वडिलांबरोबर शेतात जात होता, तिथवर पोहोचणार तरी कशी? शिक्षकांनी त्या काळात खूप धडपड केली, ती मान्यच केली पाहिजे. पण त्या निकालातून ना ती धडपड कळते, ना मुलांचं नुकसान.

त्यानंतरच्या वर्षाबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून तिथं जरा थांबायला हवं. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा उघडल्या. महिनाभरातच एसटीचा संप राज्यभर पसरला आणि तो मिटायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. मुक्ताईनगरला एसटीचं आगार आहे, आणि तालुक्यातल्या कितीतरी गावांतली मुलं सातवी झाली की हायस्कूलसाठी याच गाड्यांवर अवलंबून असतात. मोठा भाऊ मोटारसायकलवर जाऊ शकतो, धाकटा सायकल काढू शकतो. मुलीच्या दप्तरात मात्र अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो आणि तो फक्त एसटीत चालतो. पास आहे पण गाडी नाही, अशा अवस्थेत सगळा हिवाळा गेला. भरीला कापूस वेचणीचे दिवस; दिवाळीनंतर हजेरी एरवीही पातळ होते, त्यात घरी थांबलेल्या मुलीच्या हातात ओटी बांधायला फडकं आलं तर नवल नाही. १५ मार्च २०२२ पासून दहावीची परीक्षा झाली तेव्हाही संप चालूच होता. मुलांना आपापल्या शाळेतच केंद्र मिळालं हा मोठा दिलासा होता, आणि राज्याचा निकाल ९६.९४ टक्के लागला.

यावर हमखास म्हटलं जातं की मुली तर दरवर्षी मुलांच्या पुढं असतात. त्या वर्षीही होत्याच. खरं आहे. पण टक्केवारी निघते ती परीक्षेला बसलेल्यांची. जिची शाळा आठवीत किंवा नववीत सुटली, ती त्या भागाकारात येतच नाही. तिची खूण राहते ती फक्त कॅटलॉगमध्ये : आधी आठवड्यातून दोन गैरहजेऱ्या, मग चार, मग महिना कोरा. ज्या मुक्ताबाईंच्या नावावरून एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, त्यांनी परंपरेच्या हिशेबानं अठराव्या वर्षी देह ठेवला. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवांनी त्यांना गुरू मानलं ते त्याहून कमी वयात. म्हणजे हायस्कुलातल्या मुलीच्याच वयात. या गावानं तरी त्या वयाच्या मुलींचे हुकलेले दिवस मोजायला हवेत.

२०२५ चा प्रश्न उन्हाचा होता. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळी, ८ ते २५ एप्रिलदरम्यान घ्यायच्या ठरल्या. यामागचं कारण चुकीचं नव्हतं : परीक्षा लवकर उरकली की उरलेला एप्रिल वर्ग रिकामे राहतात आणि शिकवण्याचे दिवस वाया जातात. हजर दिवसांची बाजू घेणाऱ्यानं हा मुद्दा झटकून टाकता कामा नये. उन्हासाठी माध्यमिक शाळांची वेळ सकाळी ७ ते ११.४५ अशी केली गेली. शहरातल्या, शाळेजवळ राहणाऱ्या मुलाला ती सोयीची आहे. पण खेड्यावरून येणाऱ्याला सातच्या शाळेसाठी दिवस उगवायच्या सुमारास घर सोडावं लागतं आणि परतीची गाडी मिळून घरी पोहोचेपर्यंत ऐन दुपार टळत नाही. ऊन टळावं म्हणून ठरवलेल्या वेळेत त्याच्या वाट्याला भर दुपारचा रस्ताच येतो.

‘आमच्या काळी काय ऊन नव्हतं?’ असं म्हणणारे भेटतात. ऊन होतंच, पण उन्हाळा वेगळा धरायची रीतही आपल्याकडे आहेच. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. २०२४ मध्ये इतरत्र १५ जून आणि विदर्भात १ जुलै, २०२५ मध्ये इतरत्र १६ आणि विदर्भात २३ जून. मुक्ताईनगरहून महामार्गानं पुढं निघालं की थोड्याच वेळात बुलढाण्याचं मलकापूर लागतं. ऊन तेच, पण मलकापूर विदर्भात आणि मुक्ताईनगर खानदेशात, म्हणून शाळा उघडते ती वेगवेगळ्या तारखांना. महसुली हद्दीवर शाळेची तारीख ठरावी, हे मला पटत नाही.

एक आक्षेप मात्र जड आहे. हजेरीही कागदावरचीच, पटसंख्येवर शिक्षकांची पदं ठरतात, तेव्हा हजेरी भरताना हात सैल सुटणारच. म्हणून एकेका मुलाच्या बेरजेवर फार भिस्त ठेवू नये. पण गाववार आणि महिनेवार मांडणी केली तर सैल हातानं भरलेल्या कॅटलॉगमधूनही आकार दिसतो : एका गावची सगळी मुलं एकाच आठवड्यात गळाली, तर ती गाडीची गोष्ट आहे, आळसाची नाही. कॉलेजला टक्केच लागतात, हेही खरं. ती मार्कशीट कॉलेजसाठी राहू दे. ही दुसरी बेरीज शाळेनं स्वतःसाठी करावी, पालक सभेत वाचावी, आणि आगाराकडे सकाळच्या पहिल्या गाडीची व पावणेबारानंतरच्या परतीच्या गाडीची मागणी घेऊन जाताना सोबत न्यावी. जूनचं वेळापत्रक लागण्याआधी.