जनरल बीए आणि रविवारचे समंत्रक

मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "शिवणकाम शिकलं तर चार पैसे मिळतात, कुक्कुटपालन शिकलं तर अंडी विकता येतात, मग हे जनरल बीए करून आमच्या हाती काय येणार?" प्रश्न रास्त होता, आणि बैठकीच्या घाईत त्याला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आजचा कार्यक्रम त्यावरच घेतलाय. पण पदवीपेक्षा आम्ही जास्त बोलणार आहोत ती पदवी चालवणाऱ्या माणसाबद्दल. कारण आमचा अनुभव असा, की बाई शिकते की मधेच सुटते, हे पुस्तकापेक्षा त्या माणसावर अवलंबून असतं.

आधी जनरल म्हणजे काय ते बघू. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन असे विषय एकत्र घेऊन केलेली पदवी. यात एक धंदा शिकवत नाहीत. 'नुसतं बीए' असं लोक नाक मुरडून म्हणतात ते त्यामुळेच. आपल्या भागात ही पदवी घरी राहून करायची तर बहुतेकींना नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ माहीत आहे. हे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं बोधवाक्य. विद्यापीठ नाशिकला असलं तरी शिकायला नाशिकला जावं लागत नाही. जवळच्या एखाद्या कॉलेजात त्यांचं अभ्यासकेंद्र असतं. कॉलेजचे प्राचार्य बहुधा केंद्रप्रमुख, तिथलेच एक प्राध्यापक केंद्रसंयोजक, आणि विषय शिकवणारे ते समंत्रक.

समंत्रक हा शब्द जरा ध्यानात घ्या. शिक्षक किंवा प्राध्यापक हे शब्द तयार असताना विद्यापीठाने मुद्दाम हा वेगळा शब्द घेतला. शिकवायचं काम पुस्तकाने करायचं, अशी मूळ कल्पना. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं तशीच लिहिलेली असतात. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मधे मधे स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. बाईने चुलीपुढे बसून वाचलं तरी कळावं असं. आणि समंत्रकाने काय करायचं, तर अडलेलं सोडवायचं, सोबत विचार करायचा. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्र असतं ते याचसाठी. फळ्यावरून उतरवून घ्यायचा तो तास नाही. वाचून न जाणाऱ्या बाईला तिथे काही मिळत नाही, आणि मग ती म्हणते सर शिकवतच नाहीत.

अर्थात काही सर खरंच शिकवत नाहीत, तेही सांगितलं पाहिजे. हे काम त्यांच्या रोजच्या नोकरीच्या वरचं असतं, मानधनावरचं. काही ठिकाणी वेळापत्रक फक्त सूचनाफलकावर राहतं. आणि काही ठिकाणी एकच प्राध्यापक असा असतो, की त्याच्यामुळे त्या केंद्रातल्या बाया वर्षामागून वर्ष पास होतात. फरक कशाने पडतो?

संयोजकाचं काम बाहेरून कारकुनी दिसतं. प्रवेशाचे अर्ज, पुस्तकांचं वाटप, सत्रांचं वेळापत्रक, गृहपाठ तपासून घेणं, त्याचे गुण विद्यापीठाला वेळेत कळवणं, परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट. पण यातली एक कडी तुटली की बाईचं वर्ष जातं. गृहपाठ दिला, गुण पुढे गेलेच नाहीत, निकाल अडकला, असं होतं. नोकरी नसलेल्या, गावात राहणाऱ्या बाईला निकाल अडकला तर कुठे फोन करायचा हेही माहीत नसतं. ती समजते आपणच नापास झालो आणि पुस्तकं रद्दीत घालते. चांगला संयोजक इथे स्वतः यादी घेऊन बसतो, कुणाचा गृहपाठ आला, कुणाचा नाही, आणि न आलेल्या बाईला निरोप धाडतो.

दुसरं काम हंगाम ओळखण्याचं. आपल्या झाडीपट्टीचं वर्ष शहरासारखं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, तेव्हा चिखलातून बाई निघूच शकत नाही. दिवाळीच्या मागेपुढे धान कापणी, मग मळणी. मार्च-एप्रिलला मोहफूल वेचणं, आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. बरेचदा उन्हाळी परीक्षा आणि तेंदूचे दिवस एकमेकांवर येतात. तेंदूच्या त्या थोड्या दिवसांची मजुरी घराला वर्षभर आधार देते, ती सोडून परीक्षेला जा असं म्हणणं सोपं नाही. परीक्षेची तारीख संयोजक बदलू शकत नाही. पण सराव आणि गृहपाठ जानेवारी-फेब्रुवारीत उरकून घेणं त्याच्या हातात असतं. महाशिवरात्रीला आपल्या प्रतापगडावर यात्रा भरते, त्या आठवड्यात सत्र ठेवलं तर कुणीही येणार नाही, हे त्याला कळायला हवं. गटांनी हे वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांना लेखी कळवावं, तोंडी नको.

आणि तिसरं काम सगळ्यात मोठं. पुस्तकातला विषय बाईच्या आयुष्याला जोडून देणं. 'हाती काय येणार' याचं उत्तर इथे आहे.

अर्थशास्त्राचंच घ्या. पुस्तकात व्याज, पतपुरवठा असे धडे येतात. वाचून पुढे जाता येतं. पण समंत्रकाने बायांना विचारलं, गटात तुम्ही शेकडा किती घेता? दोन रुपये महिना. म्हणजे वर्षाचे २४ टक्के. बहुतेक बाया दचकतात, कारण दोन हा आकडा लहान वाटतो. मग पुढचा हिशेब. दारावर कर्ज द्यायला येणारा सांगतो, फक्त १२ टक्के. ३०,००० रुपये घेतले, १२ महिन्यांत फेडायचे, व्याज ३,६००, हप्ता २,८०० रुपये. बरोबर वाटतं. पण सहा महिन्यांनी तुमच्याकडे निम्मंच कर्ज उरलेलं असतं आणि व्याज मात्र पूर्ण ३०,००० वर धरलेलं. शिल्लक रकमेवर हिशेब केला तर तो दर २१-२२ टक्क्यांच्या घरात जातो. याला सपाट दर आणि घटत्या शिल्लकेचा दर म्हणतात. गटाचं व्याज मात्र गटातच फिरतं, दुसऱ्याचं बाहेर जातं, हा फरकही त्याच तासाला निघतो.

राज्यशास्त्राचंही तसंच. पंचायत राज, ७३वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, असं पाठ करून गुण मिळतात. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, हेही आपल्याला ठाऊक. पण वनहक्काच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या गणपूर्तीत एक तृतीयांश बायका हजर असायला लागतात, हे किती जणींना माहीत आहे? आपला भाग जंगलाचा, नवेगावबांधच्या शेजारचा. सामूहिक वनहक्काचे कागद सहीला येतात तेव्हा सही करणारी बाई तो कागद वाचू शकते का, हा राज्यशास्त्राचाच प्रश्न आहे. इतिहासाचा समंत्रक नवेगावच्या तलावावरून सुरुवात करू शकतो. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, आपले मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्यांचं पाणी कुणाचं आणि मासेमारी कुणाची, इथून थेट इंग्रजांच्या जमीन महसुलापर्यंत जाता येतं. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतल्या लोकांकडून आपण थंडीत स्वेटर घेतो. ते लोक आपला देश सोडून इथे का आले, हाही इतिहासच.

शिवणकामाला आमचा विरोध नाही. पण शिवणयंत्र घेताना कर्जाचा कागद वाचता येणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती कुठल्याही आठ दिवसांच्या प्रशिक्षणात मिळत नाही.

ही कल्पना काही नवीन नाही. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं, त्यात संसार सांभाळणाऱ्या प्रौढ बायकांसाठी वर्ग होते. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेच आजचं एसएनडीटी. शिकवणं मराठीतून, आणि अभ्यासात गृहशास्त्र, आरोग्य असे विषय. तेव्हाही लोक म्हणालेच, हे कसलं विद्यापीठ. परदेशात अमेरिकेत १९०१ साली जोलिएट गावी पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघालं. पुढे त्यालाच कम्युनिटी कॉलेज म्हणू लागले. कामगार, मुलं वाढवून मोकळ्या झालेल्या बाया, नुकतेच देशात आलेले लोक तिथे संध्याकाळी शिकतात. त्यातही सामान्य विषयांचा एकत्र अभ्यासक्रम असतो, आणि तो सांभाळायला एक प्राध्यापक नेमलेला असतो. विद्यार्थ्याने कोणते विषय घ्यावेत, कुठे अडलंय, पुढे कुठे जायचं, हे बघणं त्याचं काम. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, पण तिचा भर कौशल्यांवर राहिला. सामान्य शिक्षणाचं ते काम आपल्याकडे मुक्त विद्यापीठाचा केंद्रसंयोजक करतो. त्याला तसं मोठं पदनाम नाही, एवढंच.

आता प्रवेशाचं. इथे नीट ऐका, कारण पैसा आणि वर्ष दोन्ही इथेच बुडतात.

मुक्त विद्यापीठाने सुरुवातीच्या काळात बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रम ठेवला होता. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कितीतरी बाया त्या दाराने पदवीपर्यंत गेल्या. पण पुढे बारावी न करता मिळवलेल्या पदवीवर नोकरीच्या वेळी वाद झाले. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. दहावी झाली असेल तर आधी बारावी करा. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालय, एनआयओएस आहे, त्यात एक एक विषय साठवत पाच वर्षांत पूर्ण करता येतं. १७ नंबरच्या अर्जाची मुदत बहुधा पावसाळ्यात असते, म्हणजे ऐन रोवणीत. त्यामुळे कागद जूनमध्येच तयार ठेवा. बारावीचा उपयोग पदवीसाठीच आहे असंही नाही. २०२३ पासून अंगणवाडी सेविका आणि मदतनीस दोघींना किमान बारावी लागते. वयाची अटही असते, तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' महागात पडतं.

कुणी गावात येऊन म्हणाला, परीक्षेला बसायची गरज नाही, पैसे द्या, वर्षात पदवी घरपोच, तर त्याला पाणी पाजून परत पाठवा. दूरशिक्षणाला मान्यता असलेल्या विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर असते. गटातल्या शिकलेल्या पोरीला मोबाइलवर ती उघडायला सांगा. आता दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डीईबी आयडी नावाचा क्रमांक लागतो, आणि तो विद्यार्थिनीच्या स्वतःच्या नावाने निघतो. क्रमांक न काढता प्रवेश झाला म्हणणारा खोटं बोलतो. फी भरली की पावती घ्या, आणि मूळ टीसी, मूळ गुणपत्रिका कुणाच्याही ताब्यात ठेवू नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवून परत घ्या.

केंद्र निवडताना संयोजकांना भेटा. एकटीने नाही, चार-पाच जणींनी मिळून. मागच्या वर्षी किती सत्रं झाली ते विचारा. पुस्तकं कोणत्या महिन्यात हाती येतात ते विचारा. गृहपाठ दिल्यावर पोच मिळते का, आणि परीक्षा केंद्र कुठे पडतं, तेही. परीक्षेच्या दिवशी सकाळची एसटी चुकली तर पेपर गेला, म्हणून हा शेवटचा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उत्तर देताना सर चिडले तर तेही एक उत्तरच आहे. बसा म्हणाले, रजिस्टर काढून दाखवलं, तर तिथे नाव घाला. एका गावच्या पाच जणी एकाच केंद्रात असल्या की एकीचं पुस्तक दुसरीला वाचता येतं, आणि रविवारी घरातून निघायला सासूबाईंचीही हरकत कमी होते.

शेवटी नावाची अडचण. ही फक्त बायांनाच येते. टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. वर सांगितलेला क्रमांक आधारशी जोडलेला असल्याने दोन नावं जुळत नाहीत आणि अर्ज अडतो. त्यासाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हाताशी लागतं, काही ठिकाणी राजपत्रातली नावबदलाची नोंदही मागतात. लग्नाला वीस वर्षं झाली असली तरी नोंदणी करता येते, आणि त्यासाठी तालुक्याला जायची गरज नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीत विवाह निबंधकाचं काम ग्रामसेवकाकडेच असतं. ते पंचायतीत कोणत्या वारी बसतात ते आजच विचारून ठेवा.