बँकेतील जबरी चोरी आणि कर्मचाऱ्यांचे वर्तन

सामान्य व्यवहारात बँकेवरील कोणत्याही सशस्त्र लुटीस 'दरोडा' म्हटले जाते. कायद्याच्या परिभाषेत मात्र गुन्हेगार पाच किंवा अधिक असतील तरच तो दरोडा ठरतो. एरवी ती जबरी चोरी होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ व ३१० मध्ये हा भेद कायम आहे. मृत्यू, दुखापत किंवा अटकाव यांचे तत्काळ भय घातल्याने चोरीची जबरी चोरी होते. म्हणजेच लुटारूचे लक्ष्य रोकड असले तरी त्याचे साधन कर्मचाऱ्याचे भय हे असते.

कलम ४१ अन्वये जबरी चोरीच्या प्रसंगी मालमत्तेच्या खाजगी संरक्षणाचा हक्क प्रसंगी हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंत पोहोचतो. यावरून प्रतिकार करणे हे रोखपालाचे कर्तव्यच आहे, असा समज करून घेणे चुकीचे आहे. हक्क आणि कर्तव्य या भिन्न गोष्टी आहेत. बँका रोकडीचा विमा उतरवितात. गेलेल्या प्राणाची भरपाई कोणताही विमा करीत नाही.

म्हणून हात समोर दिसतील असे ठेवावेत, खण उघडण्यापूर्वी तसे सांगावे आणि मागितले तेवढेच द्यावे. स्ट्राँग रूमच्या किल्ल्या दोघांच्या संयुक्त ताब्यात असतात. एकट्याला ती उघडता येत नसल्यास तसे शांतपणे सांगावे. धोक्याची घंटा लुटारूच्या लक्षात येणार नसेल तरच वाजवावी. आत ग्राहक असताना हे पथ्य अधिकच महत्त्वाचे ठरते.

निरीक्षणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. शस्त्र समोर असता साक्षीदाराची नजर त्यावरच खिळते आणि चेहरा स्मरणात राहत नाही, असे एलिझाबेथ लॉफ्टस व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रयोगाने दाखविले. रोखून पाहणेही धोक्याचेच. त्यापेक्षा आवाज, बोलीची ढब, पादत्राणे, दाराच्या चौकटीशी ताडून पाहिलेली उंची अशा गोष्टी टिपणे सुकर जाते.

लुटारू निघून गेल्यावर पाठलाग करू नये. कलम ४३ नुसार जबरी चोरीविरुद्धचा हा हक्क इजा, अटकाव किंवा त्यांचे तत्काळ भय असेपर्यंतच टिकतो. दार बंद करून ११२ वर कळवावे. पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नये. प्रत्येकाने आपापली आठवण आपसांत चर्चा होण्यापूर्वी स्वतंत्रपणे लिहून काढावी. एकमेकांच्या सांगण्याने स्मृती बदलते आणि पुढे ओळख परेडमध्ये साक्ष दुबळी ठरते.

या साऱ्या सूचना व्यवस्थापनाच्या भूमिकेवर अवलंबून आहेत. रोकड दिल्याबद्दल ज्याला जाब विचारला जातो, तो पुढील वेळी शस्त्राशी झुंजेल. रोकड देणारा कर्मचारी दोषी मानला जाणार नाही, हे लेखी आदेशात नमूद असणे म्हणूनच आवश्यक आहे. प्रवेशाच्या दिवसांत रोख शुल्क स्वीकारणाऱ्या महाविद्यालयाच्या खिडकीलाही हे तितकेच लागू पडते. तेथे तर बहुधा एकच लिपिक बसलेला असतो.