पंधरा दिवसांत दोन आदेश

ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्र; मुरबाडमधली काही गावेही. इथल्या आदिवासींसाठी वनहक्क जिव्हाळ्याचा. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळलेल्यांना हटवण्यास सांगितले. लोकसभा निवडणूक तोंडावर होती. केंद्राने धाव घेतली, २८ फेब्रुवारीला स्थगिती मिळाली. बाहेरचा आधारही अपुरा: आदिवासींची जमीनमालकी मानणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्र. १०७ भारताने १९५८ मध्ये स्वीकारला; त्याहून भक्कम १६९ आजवर नाही, ही मोठी उणीव.

वनहक्काच्या दाव्यासाठी वरी-नाचणी पिकवणाऱ्याकडे पुरावा तो कसला? वन खात्याची जुनी, घडीवर फाटलेली दंडाची पावती. पण वनहक्क कायद्याच्या नियम १३ नुसार ज्येष्ठांचा जबाब, विहीर, दफनभूमीही चालते. ग्रामसभेने दावा नाकारला, तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागा.