रशियन भाषेतला साबण, कुत्रा आणि कापूस

'मला साबणावर लिही' असे एखादा रशियन तरुण म्हणाला, तर त्याचे डोके फिरले आहे असे वाचकांनी समजू नये. ई-मेलच्या 'मेल'शी उच्चार जुळला, म्हणून तिकडच्या मुलांनी थट्टेने 'मीलो' म्हणजे साबण हाच शब्द उचलला. ई-मेलच्या पत्त्यातील शेपटीवाल्या 'ॲट' चिन्हाला तर थोरामोठ्यांसकट सारेच 'सबाका', म्हणजे कुत्रा म्हणतात!

परका शब्द आला की आपण मागे 'करणे' लावून मोकळे होतो. रशियन भाषा मात्र पाहुण्याला घरचे कपडे चढविते. 'लाइक'चे 'लाइकत्' झाले. एकदाच केले तर 'लाइक्नुत्'. 'गुग्लित्' म्हणजे गुगलवर शोधणे, आणि 'झा' उपसर्ग लागला की शोधून मोकळे होणे. इंग्रजीने रशियन बुडाली म्हणणाऱ्यांनी हे व्याकरण जरूर पाहावे. बुडणाऱ्याचे हातपाय असे चालत नाहीत!

२००६ साली 'व्हकंताक्ते' आणि 'अदनाक्लास्निकी' ही संकेतस्थळे निघाली. त्याच सुमारास मुद्दाम अशुद्ध लिहिण्याची टूम निघाली होती. 'आव्तोर' म्हणजे लेखक. तो उच्चाराप्रमाणे 'आफ्तर' झाला. शिक्षक मंडळी हवालदिल झाली. भाषाशास्त्रज्ञ माक्सिम क्रोनगाउझ यांनी मात्र या बोलीवर २०१३ साली एक पुस्तकच काढले.

इथवर सारी मौज. पण दुसऱ्याचा मजकूर पुढे धाडणे, म्हणजे 'रेपोस्त', हा शब्द तुरुंगाशी जोडला गेला. 'रेपोस्तपायी आत गेला' हे वाक्य तिथे रुळले. २०१८ च्या डिसेंबरात एक कलम थोडे सैल झाले खरे. पण मार्च २०२२ मध्ये सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरविण्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद ठरली, आणि फेसबुक व इन्स्टाग्राम बंद झाले. युक्रेनवरील स्वारीला 'युद्ध' म्हणणेही धोक्याचे झाले. सरकारी नाव 'विशेष लष्करी कारवाई'.

सरकारी बातम्यांतला 'स्फोट' तर आधीपासूनच मवाळ होऊ लागला होता. गॅसचा भडका उडाला तरी 'ख्लोपोक', म्हणजे नुसता 'फट्' आवाज! आता गंमत अशी की, लिहिताना हाच शब्द कापूस या अर्थीही वाचता येतो. फरक काय तो उच्चारातल्या आघाताचा. युक्रेनी लोकांनी नेमके हेच हेरले आणि त्याचे आपल्या भाषेत 'बावोव्ना', म्हणजे कापूस, असे भाषांतर करून टाकले. २०२२ पासून रशियाची तेलाची टाकी किंवा दारूगोळ्याचे कोठार पेटले की ते एकमेकांना कळवितात, 'तिकडे कापूस फुलला!'