चालण्याची मुभा

करोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी अमलात आली तेव्हा दुकाने, दप्तरे आणि आगगाड्या यांच्याबरोबर आणखी एक व्यवहार थांबला, आणि तो म्हणजे मनुष्याचा नित्याचा पायी संचार. व्यायामशाळा बंद झाल्याची हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली; परंतु ज्याने उभ्या जन्मात जोर-बैठका काढल्या नव्हत्या असा डोंबिवलीचा कारकूनही रोज स्थानकापर्यंत चालत होता, पूल चढत-उतरत होता, गाडीत तासभर उभा राहत होता, आणि व्यायाम या संज्ञेस पात्र न ठरणारे हे श्रमच त्याच्या प्रकृतीचा मोठा आधार होते.

या विधानास शास्त्राचे पाठबळ आहे. जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली, तेव्हा दिवसभर आसनावर खिळलेल्या चालकांपेक्षा सतत जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. पुढे १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवण्यात आले, आणि तेवढ्या अवधीत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा वाढत्या वयाने केलेली हानी त्या तीन आठवड्यांच्या हानीपेक्षा कमी भरली. घरबंदी म्हणजे अंथरुणबंदी नव्हे, हे खरे. तथापि ऱ्हासाची दिशा तीच.

मनुष्य चालू लागला की पोटरीचे स्नायू आकुंचन पावून पायांतील रक्त हृदयाकडे परत लोटतात आणि मांड्यांचे मोठे स्नायू रक्तातील साखर वापरतात. तो तासन्‌तास बसून राहिला की ही दोन्ही कार्ये मंदावतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगतानाच, बसण्याचा काळ कमी करावा, अशी स्वतंत्र शिफारसही केली.

अर्थात बैठेपणाचे हे संकट सर्वांच्या वाट्यास सारखे आले नाही. घरोघरच्या स्त्रियांचे कष्ट उलट वाढले, आणि हातावर पोट असलेल्या मजुरांना तर शेकडो मैलांची जीवघेणी पायपीट करावी लागली. एकाच हुकुमाने कोणाला जखडून ठेवले आणि कोणाला रस्त्यावर लोटले, याचे विस्मरण होता कामा नये.

इंग्लंडमध्ये टाळेबंदीच्या २३ मार्चच्या घोषणेतच दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडण्यास परवानगी होती. आपल्याकडे मात्र सकाळी फिरावयास निघालेल्या नागरिकांवर सरकारी आदेश मोडल्याबद्दल भारतीय दंडसंहितेच्या कलम १८८ खाली गुन्हे नोंदले गेले, आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मोकळ्या जागी चालण्या-धावण्यास मुभा मिळाली ती ३ जूनपासून. दाट वस्तीत संसर्गाचे भय रास्त होते, आणि पोलिसांवरील ताणही असह्य होता. परंतु प्रभागवार वेळा नेमून, मैदाने आणि शाळांची पटांगणे उघडून, अंतर राखून चालण्याची तजवीज करणे अशक्य नव्हते. पुन्हा असा प्रसंग ओढवला तर दूध आणि औषधे यांच्या यादीत रोजच्या अर्ध्या तासाच्या चालण्यासही पहिल्या दिवसापासून जीवनावश्यक म्हणून स्थान मिळावे, आणि त्याचे नियम साथ येण्यापूर्वीच प्रत्येक नगरपालिकेने सिद्ध ठेवावेत.